बातमीचाही उत्पादन खर्च असतो

(चऱ्होली येथील जिल्हा प्रतिनिधींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्ह्याजिल्ह्यांच्या बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापला आहे.)



यवतमाळ, परभणी, बीड, जालना, सोलापूर अशा जिल्ह्यांतून रात्रभर एसटीने प्रवास करून तुम्ही आलात, आणि पहिलाच विषय निघाला तो पत्रकारांच्या सुरक्षिततेसाठी पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हा. काहींच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. कापसाच्या भावाचे काय, ज्वारीच्या खरेदीचे काय, ते सोडून हे काय काढले? ते विषय दुपारी आहेत. पण हा विषय आधी घ्यायचा असे आम्ही मुद्दाम ठरवले, आणि तो चऱ्होलीतच घ्यायचा हेही मुद्दाम ठरवले.

हे गाव पाहा. शेजारी आळंदी, काठाला इंद्रायणी, वाघेश्वराचे देऊळ. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत गेले. तोवर एकरात मोजली जाणारी जमीन गुंठ्यात मोजू लागले, मग चौरस फुटात. पलीकडे चाकण. तिथे 1980 साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्याने पुणे-नाशिक रस्ता अडवला होता. आज त्याच रस्त्यावर कारखान्यांच्या ट्रेलरची रांग असते, आणि त्या कारखान्यांत कंत्राटावर उभी असलेली कितीतरी पोरे तुमच्याच जिल्ह्यांतली आहेत. ज्या ठिकाणी सातबाऱ्याच्या एका ओळीवर, एका फेरफारावर, विकास आराखड्यातल्या एका रंगावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात, त्या ठिकाणी ती ओळ वाचता येणारा आणि वाचून छापणारा माणूस सगळ्यांना आवडत नाही. हे समजायला पुस्तक वाचावे लागत नाही.

आणि हे फक्त जमिनीचेच नाही. 2017 चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याच साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. दवाखान्याच्या खाटांवर कोण पडले आहे, कोणते औषध मारले होते, ही माहिती मुंबईला कशी कळली? मंत्रालयाचे माणूस येऊन बघून गेले म्हणून नव्हे. तालुक्याच्या वार्ताहराने दवाखान्यात जाऊन नावे लिहून घेतली, चार ओळींची बातमी दिली, ती जिल्हा पानावर लागली, मग बाकीचे आले. आपण बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की समजायचे, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही. तालुक्याचा वार्ताहर हा आपला सापळा आहे. फरक एवढाच की सापळ्याचा खर्च आपण लागवडीच्या हिशेबात धरतो, आणि वार्ताहराचा कोणीच कशात धरत नाही.

राजापूरचे उदाहरण

रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. तिथे तेलशुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प यायचा होता. आधी तो नाणारला ठरला, लोकांनी विरोध केला, 2019 साली तो तिथून रद्द झाला. मग बारसू-सोलगाव परिसराचे नाव पुढे आले. प्रकल्प येणार अशी नुसती कुणकुण लागली की सरकारी मोजणीदाराच्या आधी जमिनीचा दलाल पोहोचतो. हा नियम कोकणातही खरा आहे, इथेही आहे आणि समृद्धी महामार्गाच्या कडेलाही आपण तो पाहिला.

शशिकांत वारिशे हे 'महानगरी टाइम्स' या दैनिकाचे राजापूरचे पत्रकार. वय 48. या प्रकल्पाविषयी ते सातत्याने लिहीत. 6 फेब्रुवारी 2023 रोजी सकाळी त्यांची एक बातमी छापून आली. गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या माणसाचा फोटो पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या बरोबरीने फलकावर कसा, असा तिचा रोख होता. त्याच दिवशी राजापूरजवळ पेट्रोलपंपापाशी त्यांच्या दुचाकीवर थार गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी वारिशे यांचा मृत्यू झाला. ज्याच्याबद्दल बातमी होती तोच माणूस गाडी चालवत होता असा पोलिसांचा आरोप आहे. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, विशेष तपास पथक नेमले गेले. पुढचे न्यायालय ठरवील, ते काम आपले नाही.

मागे राहिली म्हातारी आई आणि शिकणारा मुलगा. सरकारने कुटुंबाला 25 लाखांची मदत जाहीर केली. मदत व्हायलाच हवी होती, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आदल्या दिवशी, म्हणजे 5 फेब्रुवारीला, या माणसासाठी कोणत्या खात्यात किती पैसा होता? धमकी आली तर आठ दिवस दुसऱ्या गावी राहायला, नोटीस आली तर वकील लावायला, रात्री एकट्याने न फिरता सोबत कुणाला तरी न्यायला लागणारे हजार-दोन हजार रुपये? अशा खर्चाला पैसे देणारी सरकारी योजना नव्हती, आजही नाही. पोलीस संरक्षण मागता येते, पण तालुक्याच्या गावात पोलीस ठाण्याची पायरी चढून अमक्याची भीती वाटते असे लिहून देणे म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. शेतकऱ्याने गळफास घेतला की तहसीलदार येतो, पंचनामा होतो, प्रकरण पात्र ठरले तर एक लाख रुपये मिळतात. जिवंतपणी त्याच माणसाने कापसाला खर्चाइतका भाव मागितला की तिजोरीत पैसे नसतात. मेलेल्याला मदत आणि जिवंताला उपदेश. वार्ताहराच्या बाबतीत सरकारने वेगळे काहीही केलेले नाही.

आहे तो पैसा कुठे आहे?

काहीच नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र सरकारचा शंकरराव चव्हाण सुवर्ण महोत्सवी पत्रकार कल्याण निधी आहे. पत्रकार गंभीर आजारी पडला किंवा त्याचा मृत्यू झाला तर त्यातून मदत मिळते. ज्येष्ठ पत्रकारांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची सन्मान योजना आहे, ती म्हातारपणाची सोय. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याची पत्रकार कल्याण योजना आहे. तिच्यात मृत्यूनंतर कुटुंबाला 5 लाखांपर्यंत, कायमचे अपंगत्व आले तर 5 लाखांपर्यंत, मोठ्या आजाराला 3 लाखांपर्यंत आणि अपघातात गंभीर दुखापत झाली तर 2 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. यादी नीट ऐका. मृत्यू, अपंगत्व, आजार, दुखापत. म्हणजे आधी अंगावर गाडी येऊ द्यायची आणि मग अर्ज करायचा.

कायदाही आहे. 11 जून 2011 रोजी मुंबईत पवईला ज्योतिर्मय डे या ज्येष्ठ पत्रकाराला भर दुपारी गोळ्या घातल्या. त्या खटल्यात 2018 साली छोटा राजनला जन्मठेप झाली, म्हणजे निकालाला सात वर्षे लागली, आणि तेही मुंबईतला गाजलेला खून होता म्हणून. पत्रकार संघटना आधीपासूनच संरक्षण कायदा मागत होत्या. मराठी पत्रकार परिषद आणि पत्रकार हल्लाविरोधी कृती समिती यांनी त्यासाठी दहा-बारा वर्षे मोर्चे काढले, धरणी धरली. एप्रिल 2017 मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळायला 2019 उजाडले. पत्रकारावर किंवा वृत्तपत्राच्या कचेरीवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. उपचाराचा खर्च गुन्हेगाराने भरायचा, नुकसानीची दुप्पट भरपाई द्यायची. कागदावर चांगला कायदा आहे.

पण पत्रकार म्हणजे कोण? कायदा म्हणतो, ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि ज्याला एखाद्या प्रसारमाध्यम संस्थेने कायम किंवा कंत्राटी नेमले आहे तो. आता तुमच्या तालुक्याचा वार्ताहर डोळ्यांसमोर आणा. त्याची चार एकर कोरडवाहू आहे. बाजारात झेरॉक्सचे दुकान आहे, किंवा तो पेपरची एजन्सी चालवतो, किंवा विम्याचा एजंट आहे. नेमणुकीचे पत्र नाही, गळ्यात अडकवायचे ओळखपत्र आहे, आणि त्याच्या मागे बारीक अक्षरात कंपनीच्या जबाबदाऱ्या झटकलेल्या असतात. त्याचा मुख्य व्यवसाय कोणता, यावर आरोपीचा वकील दोन तारखा सहज काढील. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 साली कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. पण मुळात जो नोकर म्हणून पटावरच नाही, त्याला जुनी संहिता काय आणि नवी काय!

खर्चापेक्षा कमी भावात

याच ठिकाणी आपल्या विचाराची गाठ या प्रश्नाशी पडते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळत नाही आणि दारिद्र्याचे मूळ तिथे आहे, हे आपण चाळीस-पंचेचाळीस वर्षे मांडत आलो. बियाणे, खत, मजुरी, बैल, घरच्या बाईची मेहनत, दुष्काळाची जोखीम हे सगळे धरून खर्च काढा, असे आपण सांगतो. सरकार खर्च काढताना निम्म्या गोष्टी विसरते.

आता बातमीचा खर्च काढू. बोगस बियाण्याची एक बातमी घ्या. वार्ताहर तीन गावांत गेला, पेट्रोल त्याचे. उगवले नाही अशी शेते पाहिली, पाकिटांचे आणि बिलांचे फोटो काढले, मोबाइल त्याचा. कृषी अधिकाऱ्याची गाठ घ्यायला दोन खेटे घातले, दुकान बंद ठेवले, ती मजुरी गेली. बातमी छापून आली. मग दुकानदाराचा फोन आला, मग दुकानदाराच्या आमदाराचा. जोखीम त्याची, आणि त्याच्या बायकोचीही, कारण दिवसा घरी ती असते. या सगळ्याचा मोबदला काय? कुठे छापील ओळींवर थोडेफार मानधन, कुठे तेही नाही. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीला त्याला उद्दिष्ट दिले जाते, अमुक इतक्या जाहिराती आण. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण असतात? तोच बियाण्याचा दुकानदार, तोच जिनिंगवाला, तोच वाळूचा ठेकेदार, तोच वाढदिवसाचा पुढारी.

म्हणजे वृत्तपत्राचा मालक बातमी खर्चापेक्षा कमी भावात खरेदी करतो आणि जोखीम उत्पादकाच्या अंगावर टाकतो. आपल्या कापसाचे जे होते तेच. आणि ज्या मालाला खर्च सुटत नाही त्यात भेसळ येते, हा बाजाराचा नियम आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात पेड न्यूजचा केवढा गवगवा झाला! प्रेस कौन्सिलने चौकशी केली. नैतिकतेची भाषणे झाली. पण ज्याला बातमीचा मोबदला मिळत नाही त्याला न छापण्याचा मोबदला कोणी तरी देऊ करणारच, हे साधे अर्थशास्त्र कोणी मांडले नाही.

काही भाऊ म्हणतील, आमच्या तालुक्यातले वार्ताहर सगळे पाकीटवाले आहेत, त्यांना कशाला वाचवायचे? असतील. व्यापाऱ्याच्या काट्यात झुकते माप घालणारे हमालही असतात, म्हणून आपण हमालीचा दर बुडवा असे म्हणत नाही. आणि दुसरे असे की पाकिटवाल्याला धोका नसतोच. गाडी अंगावर येते ती पाकीट परत करणाऱ्याच्या. 1 जानेवारी 2025 रोजी छत्तीसगडमध्ये विजापूरला मुकेश चंद्राकर हा तरुण पत्रकार बेपत्ता झाला. रस्त्याच्या कंत्राटातल्या गैरव्यवहाराची बातमी त्याने उजेडात आणली होती. दोन दिवसांनी त्याचे प्रेत एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडले. छत्तीसगडनेही 2023 साली पत्रकार संरक्षणाचा कायदा केला होता.

परदेशातला पैसा

जगात यासाठी बरेच निधी आहेत. न्यूयॉर्कची पत्रकार संरक्षण समिती 1981 सालची, पॅरिसची 'सीमेविना वार्ताहर' ही संस्था 1985 सालची. पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1992 साली सुरक्षा निधी काढला, त्यात पत्रकार संघटनांनीच वर्गणी घातली. आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो लंडनचा रोरी पेक ट्रस्ट. रोरी पेक हा कॅमेरामन, कुठल्याच कंपनीचा कायम नोकर नाही, आपल्या वार्ताहरासारखाच कामापुरता दाम घेणारा. ऑक्टोबर 1993 मध्ये मॉस्कोत गोळीबारात तो मेला. त्याच्या पत्नीने आणि मित्रांनी 1995 साली अशा बिननोकरीच्या पत्रकारांसाठी ट्रस्ट काढला. 2019 साली ब्रिटन आणि कॅनडाच्या पुढाकाराने युनेस्कोकडे एक जागतिक माध्यम संरक्षण निधी उभा राहिला, तो मुख्यतः वकिली मदतीसाठी. हे निधी प्रथमोपचाराचे शिक्षण देतात, विमा काढून देतात, धमकी आली तर पत्रकाराला काही महिने दुसऱ्या शहरात हलवतात, कोर्टाचा खर्च उचलतात. म्हणजे अंगावर गाडी येण्याच्या आधीचा खर्च. कल्पना योग्य आहे.

पण त्यातला पैसा तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत येऊ शकत नाही. परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्याचे तिसरे कलम पाहा. निवडणुकीचा उमेदवार, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर यांच्याबरोबर वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांनाही परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे. 1976 च्या जुन्या कायद्यातही हे होते. पगार, शिष्यवृत्ती असे काही अपवाद आहेत, बाकी बंदी. त्यामागे काही विचार असेलही. परदेशातून पैसे घेऊन इथे लेख छापू नयेत हे आम्हालाही पटते. पण मारहाण झालेल्या माणसाच्या दवाखान्याचे बिल आणि लेखाची सुपारी यांत फरक करण्याइतके बारीक कलम कोणाला लिहावेसे वाटले नाही.

आणि ही बंदी उद्या उठली तरी त्या पैशावर विसंबता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत एका सहीने थांबवली, जुलैमध्ये मदत देणारी त्यांची संस्थाच गुंडाळली. कितीतरी देशांतल्या छोट्या वृत्तसंस्था आणि पत्रकारांना मदत करणाऱ्या संस्था त्या पैशावर चालत होत्या, त्या रातोरात उघड्या पडल्या. मेक्सिकोत 2012 पासून सरकारी यंत्रणा आहे. धोका असलेल्या पत्रकाराला धोक्याचे बटण देतात, घराला कॅमेरे लावतात, अंगरक्षक देतात. तरीही त्या यंत्रणेच्या संरक्षणाखाली असताना पत्रकार मारले गेले आहेत. युनेस्कोच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे जगभरातल्या पत्रकारांच्या खुनांपैकी 85 टक्के प्रकरणांचा न्यायालयात शेवट लागलेला नाही. मारणाऱ्याला शिक्षा होत नसेल तर अंगरक्षकाचा पगार किती वर्षे पुरणार?

फुल्यांनी कोणाचा जामीन मिळवून दिला?

मग पैसा कोणाचा? आपल्याकडे याचा दाखला जुना आहे, आणि तो आपल्याच घराण्यातला आहे.

1882 साली टिळक आणि आगरकर यांच्यावर कोल्हापूरच्या कारभाऱ्याच्या बदनामीचा खटला झाला. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांचा छळ होतो आहे असे 'केसरी' आणि 'मराठा'ने छापले होते, पुराव्यादाखल पत्रे छापली होती. जामिनाला दहा हजार रुपये हवे होते. त्या काळचे दहा हजार! जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुले त्याच काळात 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. 'केसरी'च्या मंडळींशी त्यांचे जमत नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर किती तिखट लिहिले होते हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय ती पत्रे बनावट ठरली, दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. सुटून आल्यावर सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला.

हे नीट लक्षात घ्या. वर्तमानपत्र आपल्या विचाराचे नव्हते, तरी जामीन दिला. बातमीचा पुरावा कोर्टात टिकला नाही, तरी सत्कार केला. राजाच्या कारभाऱ्यावर लिहिणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, एवढाच हिशेब.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात याच 'केसरी'ने शेतकऱ्याला दुष्काळाच्या सरकारी नियमांची माहिती मराठीत दिली. पीक बुडाले तर सारा माफ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे सांगितले. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा बंगालमधून वर्गणी आली, बॅरिस्टर आले. ती वर्गणी गोळा करणाऱ्यांत रवींद्रनाथ टागोर होते. परदेशी निधी नव्हता, कल्याण योजना नव्हती. वाचणाऱ्यांनी आणि ज्यांच्यासाठी लिहिले जात होते त्यांनी पैसे घातले.

काय करायचे

आमचा प्रस्ताव छोटा आहे. प्रत्येक जिल्ह्यात वार्ताहर सुरक्षा निधी. सरकारकडे मागायचा नाही, कंपन्यांकडून घ्यायचा नाही, पुढाऱ्यांकडून तर नाहीच. कापूस जिनिंगवर गेला की क्विंटलमागे एक रुपया, ज्वारी बाजारात गेली की पोत्यामागे एक रुपया, ज्याची इच्छा असेल त्याने द्यायचा. ज्या गावातून पाच हजार क्विंटल कापूस निघतो त्या गावाचे पाच हजार होतात. भीक नको, घामाचे दाम हवे, असे आपण स्वतःसाठी म्हणतो. वार्ताहरालाही दान द्यायचे नाही. आपण जी बातमी आजवर फुकट वापरली तिच्या खर्चातला आपला वाटा द्यायचा आहे.

पहिला खर्च विम्याचा. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत मिळतो, अपघाती मृत्यूला 2 लाख, आणि खून झाला तरी तो लागू होतो हे फार कमी लोकांना माहीत आहे. जीवन ज्योती विमा 436 रुपयांत, मृत्यू कसाही झाला तरी 2 लाख, पण त्याला वयाच्या पन्नाशीपर्यंतच नाव घालता येते. दोन्ही मिळून माणशी 456 रुपये. तालुक्याला तीन धरले तर दहा तालुक्यांच्या जिल्ह्यात तीस वार्ताहर, वर्षाचे 13,680 रुपये. एका गावाच्या सप्त्याला याहून जास्त खर्च होतो. ज्यांचे बँक खाते आहे त्यांच्या खात्यातून हप्ता कापला जातो, आपण फक्त तो भरला गेला की नाही हे दर मे महिन्यात पाहायचे, कारण दोन्ही विम्यांचे वर्ष 1 जूनला सुरू होते. नेमके पेरणीच्या गडबडीत ते राहून जाते.

दुसरा खर्च वकिलाचा. हल्ली मारहाणीपेक्षा नोटीस स्वस्त पडते. बदनामीची नोटीस द्यायची, लांबच्या कोर्टात दावा लावायचा, किंवा खंडणीची उलटी तक्रार करायची आणि वार्ताहराला ठाण्यात बसवून ठेवायचे. मालक हात वर करतो, तो आमचा नोकर नाही म्हणतो. अशा वेळी पहिल्या दिवशी वकील उभा राहिला तर निम्मे काम होते. प्रत्येक जिल्ह्यात आपल्या विचाराचे दोन-तीन वकील आहेत, ते फी घेणार नाहीत, पण कागद, नकला आणि प्रवास यांना पैसे लागतातच.

तिसरे म्हणजे राहण्याची सोय. याला पैसा जवळजवळ लागत नाही. धमकी आली की वार्ताहर आणि त्याचे घरचे आठ-पंधरा दिवस दुसऱ्या तालुक्यात आपल्यापैकी कोणाच्या तरी वाड्यावर राहतील. मायबहिणींनो, हे काम तुमच्यावर येणार आहे, म्हणून निर्णयही तुम्ही घ्यायचा. आणि तालुक्याच्या पाच माणसांचे फोन त्या वार्ताहराकडे हवेत. रात्री त्याचा फोन आला तर सकाळी ठाण्यासमोर पन्नास माणसे उभी राहिली पाहिजेत. गाडी अंगावर घालणाऱ्याला वार्ताहर एकटा आहे असे वाटते, म्हणून तो गाडी घालतो.

पैशाचा व्यवहार मात्र संघटनेच्या हातात ठेवायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत. आपला एक, तालुका पत्रकार संघाचा एक आणि एक वकील, तिघांच्या सहीचे खाते, आणि हिशेब वर्षातून एकदा बैठकीत जाहीर वाचायचा. मदत देताना त्याने आपल्याबद्दल काय लिहिले हे बघायचे नाही. आपल्या आंदोलनाला गर्दी नव्हती असे लिहिणाऱ्यालाही मदत, आपल्या पुढाऱ्याचा व्यवहार उघड करणाऱ्यालाही मदत. ज्याला हे पटत नाही त्याने रुपया देऊ नये.

मालकांनाही सोडायचे नाही. जिल्हा आवृत्तीच्या संपादकांकडे शिष्टमंडळ न्यायचे आणि तीनच गोष्टी मागायच्या: वार्ताहराला नेमणुकीचे लेखी पत्र, जाहिरातीच्या उद्दिष्टातून सुटका आणि बातमीच्या प्रवासाचा खर्च. नेमणुकीचे पत्र हातात असले तर 2017 च्या कायद्याचे दार त्याला उघडते. एवढे न करणाऱ्या पेपरचे अंक गावात किती येतात हे आपणच ठरवतो.

आता जेवणाच्या आधी प्रत्येक जिल्ह्याच्या प्रतिनिधीने आपल्या तालुक्यांतल्या वार्ताहरांची नावे, वय आणि बँक खाते आहे की नाही एवढे लिहून द्यावे. ज्यांना नावे आठवत नाहीत त्यांनी गावी फोन करून विचारावे. कागद पुढच्या बाकावर ठेवले आहेत. दुपारी कापसाच्या भावाला सुरुवात करू.